सूर्यफुलातली संख्या आणि नानांचं व्याख्यान

ताई, नमस्कार.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. चार पिढ्या इथेच गेल्या. घरात सासरे, आम्ही दोघं आणि मुलगी. सासऱ्यांना सगळे नाना म्हणतात. वय ७८, सरकारी नोकरीत आयुष्यभर नकाशे काढले. चातुर्मासात ते दरवर्षी विठ्ठल मंदिरात एक व्याख्यान देतात. यंदाचा विषय त्यांनी घेतला, 'निसर्गातलं गणित : ईश्वराची सही'. सूर्यफुलातल्या बियांच्या रांगा, अननसाचे डोळे, शंखाचं वळण, माणसाचा चेहरा, आकाशगंगा, सगळीकडे तीच संख्यामाला (१, २, ३, ५, ८, १३...) आणि तेच सुवर्ण गुणोत्तर, म्हणजे त्या मालेतल्या लागोपाठच्या मोठ्या आकड्यांचा भागाकार, साधारण १.६१८. घड्याळ दिसलं की घड्याळजी असलाच पाहिजे, असा त्यांचा मुद्दा. महिनाभर खपून त्यांनी स्लाइड केल्या.

मुलगी सयाजीराव विद्यापीठात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वनस्पतिशास्त्र घेऊन. मागच्या रविवारी पाहुणे आलेले असताना नाना स्लाइड दाखवायला बसले आणि ही म्हणाली, "नाना, हे व्हॉट्सअ‍ॅपचं विज्ञान आहे. शंखाचं तर साफ खोटं आहे. यात देवबिव काही नाही." नानांनी लॅपटॉप मिटला. आता व्याख्यान देणारच नाही म्हणतात. मुलगी संध्याकाळच्या आरतीला येत नाही, म्हणते, पटत नाही ते करणार नाही. दोघंही जे बोलायचं ते माझ्यामार्फत.

खरं कोणाचं? मी रोज देवापुढे दिवा लावते, त्यामुळे तुमच्या उत्तराची थोडी भीतीच वाटते. आणि शंखाची स्लाइड खरंच चुकीची असेल, तर नानांना ते सांगायचं कोणी?

– एक सून आणि आई, बडोदा


तुम्हाला भीती वाटतेय, म्हणून उत्तर आधी देते आणि कारणं मागाहून. सूर्यफुलातल्या रांगांवरून देव सिद्ध होत नाही. त्या रांगा कशा पडतात हे कळलं, म्हणून देव नाही असंही ठरत नाही. तुमची मुलगी सांगते ती माहिती बहुतेक बरोबर आहे, पण तिचं शेवटचं वाक्य त्या माहितीतून निघत नाही. दिवा तुम्ही खुशाल लावा. या वादाचा आणि त्याचा काही संबंध नाही, आणि तो का नाही हे सांगायलाच पुढचं सगळं लिहितेय.

नानांनी जे पाहिलं ते आधी नीट बघू या, कारण त्यातलं बरंचसं खरं आहे. खंडेराव मार्केटमधून एक मोठा अननस आणा. त्याचा कुठलाही एक डोळा स्केचपेनने रंगवा. त्या डोळ्यापासून तिरक्या रांगा निघालेल्या दिसतील. एक रांग हळूहळू चढत जाते, दुसरी उलट्या अंगाने जरा जास्त चढाची, तिसरी पुन्हा पहिल्याच अंगाने पण जवळजवळ उभी. एकेका प्रकारच्या सगळ्या रांगा मोजा. मोजताना सुरुवात कुठून केली ते विसरायला होतं, म्हणून मोजून झालेल्या रांगेला टाचणी खोचावी. बहुतेक अननसांत पहिल्या प्रकारच्या ८ निघतात, दुसऱ्या प्रकारच्या १३ आणि उभ्या २१. सूर्यफुलाच्या चकतीत ३४ आणि ५५, मोठ्या फुलात ५५ आणि ८९. मागच्या दोन आकड्यांची बेरीज केली की पुढचा आकडा. हे पहिल्यांदा स्वतः मोजून बघणाऱ्या माणसाचे हात जोडले गेले तर त्यात व्हॉट्सअ‍ॅपचा काही दोष नाही. अननस तसाच असतो.

आता हे होतं कसं. सगळा वाद या 'कसं'मध्ये आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

रोपाच्या शेंड्याचं टोक इतकं लहान असतं की ते भिंगाखालीच बघावं लागतं. पानं, फुलं, बिया, सगळ्यांचे कोंब त्या टोकाच्या कडेला एकामागून एक फुटतात आणि शेंडा वाढेल तसे बाहेर सरकतात. होफमाइस्टर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६८ मध्ये निरीक्षणावरून एक साधा नियम मांडला : आधीच्या कोंबांनी जिथे सगळ्यात जास्त जागा मोकळी सोडली असेल तिथे नवा कोंब फुटतो. रिकाम्या बसमध्ये एकेक प्रवासी चढतो आणि आधी बसलेल्यांपासून होईल तितका लांब बसतो, तसं. कंडक्टर कोणाला जागा नेमून देत नाही. प्रत्येक नव्या कोंबाला हा एवढाच नियम लावत गेलं, की लागोपाठच्या दोन कोंबांमधला कोन हळूहळू १३७.५ अंशांच्या आसपास येऊन स्थिरावतो. त्यालाच सुवर्ण कोन म्हणतात. त्या कोनाने कोंब मांडत गेलं, की डोळ्यांना दिसणाऱ्या तिरक्या रांगा ८, १३, २१ अशाच भरतात. रोपाला आकडे ठाऊक नसतात. शेजारी कोण आणि किती जवळ, एवढंच त्याला कळतं. तेही कशामुळे कळतं, याचा चांगला पुरावा २००३ मध्ये पुढे आला. ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक आधीचे कोंब आपल्याकडे ओढून घेतात, त्यामुळे त्यांच्याजवळ ते कमी पडतं आणि लांब कुठेतरी साठतं. जिथे साठतं तिथे पुढचा कोंब.

यापुढचा प्रयोग तुमच्या मुलीला माहीत आहे का विचारा. १९९२ मध्ये दुआदी आणि कुदेर या दोन फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी सिलिकोन तेल भरलेल्या एका बशीच्या मध्यावर चुंबकी द्रवाचे थेंब ठरावीक अंतराने सोडले. बशीभोवती चुंबकी क्षेत्र होतं, कडेला जास्त प्रबळ. थेंब एकमेकांना दूर लोटत कडेकडे सरकत गेले. थेंब सावकाश सोडले तेव्हा प्रत्येक थेंब आधीच्या थेंबाच्या बरोबर समोर जाऊ लागला, म्हणजे १८० अंश. ज्वारीच्या ताटाची पानं याच मांडणीची असतात. थेंब भराभर सोडले तेव्हा कोन १३७.५ कडे सरकला आणि बशीत सूर्यफुलाची वळणं उमटली. त्या बशीत बी नव्हतं, पेशी नव्हती, जनुक नव्हतं. एकमेकांपासून लांब सरकणारे आणि वेळेवर पडणारे थेंब होते, बस.

हा नियम सगळीकडे हेच आकडे देतो असंही नाही. तुमच्या वृंदावनातल्या तुळशीकडे वरून बघा. पानांची एक जोडी समोरासमोर, तिच्या वरची जोडी तिला काटकोनात, पुन्हा वरची काटकोनात. तुळशीला सुवर्ण कोन नाहीच, कारण तिथे दोन कोंब एकाच वेळी फुटतात. पारिजातकाची फुलं वेचताना पाकळ्या मोजा : एकाच झाडाखाली पाच, सहा, सात, आठ, सगळ्या प्रकारची सापडतील. मोहरीच्या फुलाला चार. खुद्द सूर्यफुलंही नेहमी ऐकत नाहीत. गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत याच कोड्यामागे लागला होता. त्याच्या जन्मशताब्दीला, २०१२ मध्ये, मँचेस्टरच्या विज्ञान संग्रहालयाने लोकांना सूर्यफुलं लावून रांगा मोजायचं आवाहन केलं. ६५७ फुलांच्या नोंदी आल्या. बहुतेकांत नानांचेच आकडे निघाले, पण काही फुलांत वेगळे आले आणि काहींत कुठल्याच मालेत न बसणारे. ही संख्या ईश्वराची सही असेल, तर ती तुळशीवर का नसावी, हे मला नानांना मनापासून विचारावंसं वाटतं. विठ्ठलाच्या देवळात तर नक्कीच.

शंखाबद्दल मुलगी बरोबर आहे. स्लाइडवर असतो तो बहुधा नॉटिलस. त्याचं वळण फार सुंदर आहे आणि त्यात गणितही खरंच आहे. प्राणी आकार न बदलता एकाच प्रमाणात वाढत जातो, म्हणून प्रत्येक फेऱ्याला शंख ठरावीक पटीने मोठा होतो. ती पट साधारण तीन. सुवर्ण गुणोत्तराचं सर्पिल मात्र एका फेऱ्यात जवळजवळ सातपट होतं. दोन्ही वळणं, म्हणून दोन्ही एकच, असं कोणीतरी धरलं आणि ते चित्र फिरत राहिलं. चेहऱ्याचं आणि आकाशगंगेचं थोडक्यात सांगते : कुठल्या बिंदूपासून कुठल्या बिंदूपर्यंत मोजायचं हे आपणच ठरवत असलो, तर हवं ते गुणोत्तर कुठेही सापडतं. त्या दोन्ही स्लाइड काढाव्यात.

घड्याळजीचा मुद्दा इतका सहज सोडून देण्यासारखा नाही. इंग्रजीत तो विल्यम पेली या धर्मगुरूमुळे प्रसिद्ध झाला, १८०२ मध्ये. पण नानांना त्याच्याहून कितीतरी जुना आणि थोर पूर्वज आपल्याकडेच आहे. मिथिलेचे उदयनाचार्य, दहाव्या शतकाच्या आसपासचे. ईश्वर आहे हे सिद्ध करायला त्यांनी जे हेतू, म्हणजे कारणं, दिले, त्यांतला एक थेट संख्येचाच आहे. न्याय-वैशेषिक या त्यांच्या दर्शनांच्या मते 'दोन' हे वस्तूत आपसूक नसतं. 'हा एक आणि हा एक' असं कोणाची तरी बुद्धी मोजते, तेव्हा ते उत्पन्न होतं. सृष्टीच्या आरंभी दोन परमाणूंचं द्व्यणुक झालं आणि त्याला परिमाण आलं ते या 'दोन'मुळे. तेव्हा मोजायला कोण होतं? देहधारी जीव अजून नव्हते. म्हणून ईश्वर. निसर्गात संख्या आहे, त्याअर्थी मोजणारी बुद्धी आहे, हा नानांचा विचार हजार वर्षांपूर्वी इतक्या बारकाईने मांडला गेला होता. हे ऐकून त्यांना बरं वाटेल, आणि वाटायलाच हवं.

पण उदयनांच्या समोर बसलेलेही काही लेचेपेचे नव्हते. कुमारिल भट्ट त्यांच्या आधीचे. वेदप्रामाण्यासाठी बौद्धांशी हाडवैर घेणारे, यज्ञकर्माचे कट्टर समर्थक, पण जगाला निर्माणकर्ता आहे हे त्यांना मान्य नव्हतं. या वादात पुन्हा पुन्हा एक दाखला दिला जायचा : घडा कुंभार करतो हे आपल्याला कळतं, कारण कुंभाराला घडा करताना आपण पाहिलेलं असतं. न नांगरलेल्या रानात उगवलेल्या अंकुराचा कर्ता कोणी पाहिलाय? मग घड्यावरून काढलेला नियम अंकुराला लावता येतो, हे आधी सिद्ध करा. युरोपात ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने असाच आक्षेप घेतला, त्याचं लिखाण १७७९ मध्ये छापलं गेलं, म्हणजे पेलीच्याही आधी. घड्याळाबद्दल आपली खात्री असते, ती त्याच्या नक्षीमुळे नसते. घड्याळं माणसं करतात, हे आपल्याला आधीच माहीत असतं. सूर्यफूल बीमधून येतं, हेही आपल्याला तितकंच माहीत आहे.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. नानांची संख्यामाला फिबोनाची या इटालियन माणसाच्या नावाने ओळखली जाते. त्याने ती १२०२ मध्ये सशांच्या जोड्यांच्या उदाहरणातून दिली. पण त्याच्या आधी, ११५० च्या सुमारास, आपल्या गुजरातेत, पाटणला, आचार्य हेमचंद्रांनी तोच नियम छंदांच्या निमित्ताने सांगितला होता. त्यांच्याही आधी काही शतकं विरहांक या छंदशास्त्रकाराने. हेमचंद्र म्हणजे सिद्धराज जयसिंह आणि कुमारपाळ यांच्या काळातले मोठे जैन पंडित. प्रश्न असा : लघु अक्षर एका मात्रेचं, गुरू दोन मात्रांचं. मग इतक्या मात्रांची ओळ किती रीतींनी भरता येईल? एका मात्रेची एक रीत. दोन मात्रांच्या दोन : दोन लघु किंवा एक गुरू. तीन मात्रांच्या तीन. चार मात्रांच्या पाच : चारही लघु, किंवा एक गुरू आणि दोन लघु, ज्यात गुरू आधी, मध्ये किंवा शेवटी येतो, किंवा दोन गुरू. कारणही सोपं आहे. ओळीचा शेवट एक तर लघूने होईल नाहीतर गुरूने. लघूने झाला तर आधी एक मात्रा कमी असलेली ओळ आहे, गुरूने झाला तर दोन मात्रा कमी असलेली. त्या दोन्हींच्या रीती मिळवल्या की झालं. मागच्या दोन आकड्यांची बेरीज येते ती इथून.

आता चार मात्रांची सहावी रीत काढायला बसा. निघणार नाही. कोणी मनाई केली म्हणून नव्हे, ती नाहीच. पाचच रीती असाव्यात असं कोणी ठरवलेलं नाही, कारण ठरवायला दुसरा पर्यायच नव्हता. माझं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं. रचना केली असं म्हणायचं तर रचणाऱ्याने काहीतरी निवडलेलं असायला हवं. असंही करता आलं असतं, तसंही करता आलं असतं, त्याने असं केलं. नानांनी आयुष्यभर नकाशे काढले, जिना कुठे आणि खिडकी कुठे हे कोणीतरी ठरवावं लागतं हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? पण त्रिकोणाला तीन कोन असावेत हे त्यांच्या साहेबाने ठरवलं नव्हतं. जिथे निवडच नाही, तिथे निवडणाऱ्याची खूण शोधून सापडत नाही. 'सगळ्यात मोकळ्या जागी फुट' एवढा नियम मिळाला की सूर्यफुलातलं पुढचं गणित या त्रिकोणाच्याच जातीचं आहे, ते मागोमाग येतं. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे ते उंच पैलूदार खांब आठवा. लाव्हा थंड होताना आकसला, तडे गेले, आणि तडे सारख्या ताणाने पसरले की बहुतेक खांब सहा बाजूंच्या आसपासचे निघतात, काही पाचांचे, काही सातांचे. तिथेही कोणी कोनमापक धरलेला नव्हता.

आणि हेमचंद्र स्वतः काय मानत होते? ते जैन. जगाचा कोणी एक नित्य, सर्वव्यापी कर्ता आहे या मताचं त्यांनी आपल्या स्तोत्रात स्पष्ट खंडन केलंय. ज्या आकड्यांना नाना ईश्वराची सही म्हणतात, त्यांचा नियम सांगणारा हा आचार्य कर्ता ईश्वर न मानता पूर्ण धार्मिक आयुष्य जगला. संख्या त्यालाही कुठे सक्ती करायला गेली नाही, आणि तुमच्या मुलीलाही करणार नाही. उलट बाजूला जर्मन खगोलशास्त्रज्ञ केप्लर. पक्का श्रद्धावान. हिमकणाला सहाच टोकं का, यावर त्याने १६११ मध्ये एक छोटी पुस्तिकाच लिहिली. 'देवाने केली म्हणून' एवढं म्हणून तो थांबला नाही, गोळे दाटीवाटीने रचले तर काय होतं इथपर्यंत त्याने कारण शोधलं. खरं कारण, म्हणजे बर्फात पाण्याचे रेणू एकमेकांशी कसे जोडलेले असतात ते, क्ष-किरणांनी स्फटिकांच्या आत डोकावता येऊ लागल्यावर, विसाव्या शतकात समजलं. कारण शोधल्याने केप्लरच्या भक्तीला काही धक्का बसला नाही.

मग नानांना हात जोडायला जागा उरते का? उरते, आणि ती सूर्यफुलाहून मोठी आहे. कोंब मोकळ्या जागी फुटतो, थेंब थेंबाला लोटतो, पाण्याचे रेणू ठरावीक कोनात जोडले जातात, हे नियम मुळात का आहेत? निसर्ग नियमाने वागतो, आणि तो नियम माणसाला खडूने फळ्यावर लिहिता येतो, हे असं का? पदार्थविज्ञानाचे मोठे अभ्यासक यूजीन विग्नर यांनी १९६० मध्ये यावरच लेख लिहिला, की गणित निसर्गाला इतकं चपखल लागू पडावं हे कोडं आहे आणि त्याचं समाधानकारक उत्तर आपल्याकडे नाही. विज्ञान हा नियमितपणा धरून चालतं. तो का आहे, हे प्रयोगशाळेत तपासता येत नाही. इथे कोणी म्हणेल, यामागे चैतन्य आहे. कोणी म्हणेल, ते तसं आहे, त्याला मागे काही नाही. दोघंही पुराव्याच्या पलीकडचं बोलत असतात, आणि ते तसं बोलतायत एवढं मान्य केलं तर दोघांचंही ऐकून घ्यावं. मुलीला सांगा, ऑक्सिन कळलं म्हणून 'देवबिव काही नाही' असं म्हणणं हीसुद्धा हातातल्या माहितीच्या पुढची उडी आहे. तिला तसं वाटत असेल तर तो तिचा अधिकार, पण ते वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

मी स्वतः देव मानते. कुठल्या आकड्यावरून मानत नाही, आणि उद्या एखादा आकडा चुकला तर माझी पूजा थांबणार नाही. नानांच्या व्याख्यानाबद्दल मला खरी काळजी वाटते ती याचीच. श्रद्धेला शंखाचा टेकू दिला, की शंखाबरोबर तीही पडते. घरातली शिकणारी मुलं नेमकं तेवढंच बघतात. टेकू खोटा निघाला, म्हणजे वरचं सगळं खोटं. तुमची मुलगी आरतीला यायची थांबली ती माझ्या मते वनस्पतिशास्त्रामुळे नाही. तिला वाटलं, हे लोक देवासाठी चुकीची माहितीही चालवून घेतात. ते तसं नाही, हे तिला तुमच्या घरात दिसायला हवं.

आता तुमचं. दोघांचे निरोप पोचवणं आजपासून बंद करा. 'नानांना विचार' आणि 'तिला विचारा', एवढंच म्हणायचं आणि स्वयंपाकघरात निघून जायचं. मुलीने नानांची माफी मागावी, पण कशाची ते तिला नीट सांगा. शंखाबद्दल बोलली त्याची नाही. ते सांगणं बरोबरच होतं. पाहुण्यांसमोर सांगितलं आणि एका फटकाऱ्यात आजोबांचा महिनाभराचा कष्ट व्हॉट्सअ‍ॅपच्या खाती टाकला, त्याची. नाना त्या स्लाइड करत होते तेव्हा महिनाभर ती त्याच घरात होती. एक संध्याकाळ त्यांच्याशेजारी बसली असती तर हे झालंच नसतं. आरतीचा विषय सध्या काढू नका. यायचं तर येईल. आरती ही परीक्षा झाली की ती नापास व्हायचंच ठरवेल, वयच तसं आहे.

नानांनी व्याख्यान द्यावं. नक्की द्यावं. शीर्षक 'निसर्गातलं गणित' एवढंच ठेवावं आणि सुरुवात हेमचंद्रांपासून करावी. पाटण पुढे बडोदे संस्थानात होतं, आणि सयाजीरावांच्या काळात तिथल्या जैन भांडारांतल्या पोथ्या तपासायला बडोद्याहून विद्वान पाठवले गेले होते. १९१६ पासून निघू लागलेली गायकवाड प्राच्य ग्रंथमाला त्याच कामाशी जोडलेली आहे. हे बडोद्याच्या श्रोत्यांना आपलं वाटेल. देवळात भजनी मंडळ असेलच. भजनी ठेका आठ मात्रांचा. एक मात्रेचे आणि दोन मात्रांचे ठोके घेऊन त्या आठ मात्रा किती रीतींनी भरता येतात, हे नानांनी श्रोत्यांनाच विचारावं. चार मात्रांच्या पाच रीती टाळ्या वाजवून त्यांच्याकडून काढून घ्याव्यात, मग पाचाच्या आठ, सहाच्या तेरा, सातच्या एकवीस, आणि आठाच्या चौतीस. त्यानंतर सूर्यफुलाची स्लाइड लावावी आणि ३४ रांगा दाखवाव्यात. मग उदयनाचार्यांचा युक्तिवाद आणि त्याच्यासमोरचा अंकुराचा आक्षेप, दोन्ही पूर्ण ताकदीने मांडावेत. शेवटी स्वतःला काय वाटतं ते 'मला असं वाटतं' म्हणून सांगावं. ७८ वर्षांच्या माणसाने देवळात उभं राहून आपली श्रद्धा सांगायला शंखाची साक्ष काढायची गरज नाही. आणि चुंबकी थेंबांचा प्रयोग सांगायला दहा मिनिटं नातीला द्यावीत, ती हो म्हणाली तर.

शंखाचं कोणी सांगायचं, असं तुम्ही शेवटी विचारलंय. तुम्ही नाही. मुलीने सांगावं, आणि तोंडी सांगू नये. नॉटिलसच्या उभ्या छेदाचं चित्र कागदावर मोठं छापून आणावं, पट्टी आणि टोकदार पेन्सिल घ्यावी आणि दोघांनी टेबलाशी बसावं. मध्यबिंदूपासून बाहेरच्या कडेपर्यंत रेघ ओढायची. ती लांबी मोजायची. मग त्याच रेघेवर एक पूर्ण फेरा आत जिथे कड येते तिथपर्यंतची लांबी मोजायची आणि भागाकार करायचा. तो नानांनाच करू द्यावा. उत्तर तीनच्या आसपास आलं की ती स्लाइड ते स्वतःच्या हाताने काढतील. त्या जागी तुळशीचा फोटो घालता येईल, बरोबर वरून काढलेला, म्हणजे जोड्यांमधला काटकोन शेवटच्या रांगेतल्यांनाही दिसेल.